पाटली खोली

खारवटवाडी, ता. मालवण
२ फेब्रुवारी २०२६

प्रिय सेलेस्तीन आते,

आधी चूक दुरुस्त करते, मग बाकीचं.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या पाटल्या, मागच्या अंगाच्या खोलीत चुंबकीय क्षेत्र नऊ मायक्रोटेस्ला भरलं. आकडा बरोबर आहे, एकक चुकलं. माझ्या मैत्रिणीने, संचिताने, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणून दिलेलं यंत्र मिलिगॉसमध्ये मोजतं. पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं मी वाचलीच नाहीत. दहा मिलिगॉस म्हणजे एक मायक्रोटेस्ला, तेव्हा नऊ नव्हे, शून्य पूर्णांक नऊ. मी तुला दहापट घाबरवलं. दम्यामुळे मला शाळेत घालत नव्हते तेव्हा चौथीपर्यंत तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलंस, आणि एकक न लिहिलेल्या उत्तराला तू शून्य द्यायचीस. चुकीच्या एककाला काय दिलं असतंस ते मी विचारत नाही.

आता नीट लिहिते. मळ्यावरून गेलेल्या हायटेन्शन लाईनवर गेल्या वर्षी तारांची दुसरी ओळ चालू झाली, हे तुला माहीत आहे. ओल्या हवेत ती चरचरते. मोजमाप मी चार वेगवेगळ्या दिवशी केलं. पाटल्या खोलीत नऊच्या आसपास, मधल्या खोलीत पाच, फुडल्या खोलीत तीन. सगळं मिलिगॉसमध्ये.

मी वाचलं त्यात दोन मापं सापडतात आणि ती एकमेकांना ओळखही देत नाहीत. आंतरराष्ट्रीय मर्यादा सांगते दोनशे मायक्रोटेस्ला. तिच्यापुढे आपलं शून्य पूर्णांक नऊ म्हणजे काहीच नाही. पण लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत शून्य पूर्णांक तीन-चारच्या वर सतत राहणाऱ्या मुलांमध्ये थोडी वाढ दिसते म्हणतात. कारण कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही. एका मापाने मी वेडी ठरते, दुसऱ्याने निष्काळजी.

ओलिंडा वहिनी अजून दोडामार्गला माहेरी आहे. बाळाचं नाव एव्हलिन ठेवलं. ईस्टर झाल्यावर, शनिवारी ११ एप्रिलला, दोघी घरी येणार. नोव्हेंबरच्या पत्रात तू लिहिलं होतंस, "बाळंतिणीला पाटली खोली द्या, तीच बरी." त्याप्रमाणे क्लाइव्हने आपल्या लेकीसाठी ती रंगवून घेतली. पाळण्याची कडीसुद्धा आढ्याला बसली. तू खोली सुचवलीस तेव्हा लाईनचा विचार केला असशीलच, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण हे आकडे बघितल्यापासून चैन पडत नाही.

क्लाइव्ह शनिवारी गोव्याहून येतो तो माझ्या हातातलं यंत्र बघून हसतच येतो. "हायटेन्शन लायनीत नाय गो, तुझ्या डोक्यात आसा." आता चहा मागायचा तरी मला हाक तशीच मारतो. "हायटेन्शन, चाय हाड." त्याचं म्हणणं, हातभर जाडीची चिऱ्याची भिंत आहे, तिच्यातून काय येणार?

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाईप केलेलं तू पत्र मानत नाहीस, म्हणून तुझ्या उत्तरासाठी थांबते. बाळाला त्या खोलीत ठेवायचं का, एवढं सांग.

तुझी,
ग्लिनिस


कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२६

चि. ग्लिनिस,

दुरुस्ती पोचली. चूक तुझी तूच पकडलीस म्हणून अर्धा गुण.

क्लाइव्हला सांग, चिऱ्याची भिंत ऊन अडवते, आवाज अडवते, चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. ते कमी होतं फक्त अंतराने. हे त्याला मी आठवीत शिकवलं होतं. तेव्हाही तो हसत होता.

दोन मापांबद्दल. दोनशे हे शरीरावर तिथल्या तिथे होणाऱ्या परिणामांसाठी आहे, नसांना झिणझिण्या वगैरे. दुसरं आजारी आणि निरोगी मुलांच्या तुलनेतून आलेलं. संबंध पुसट आहे, आणि इतकी वर्षं शोधूनही कारण हाती लागलेलं नाही. शिवाय एका वेळचं मोजमाप म्हणजे वर्षाची सरासरी नव्हे. लाईनमधला प्रवाह दिवसात वर-खाली होत असतो. घाबरण्याआधी हे सगळं लक्षात घे.

पण मला तुझे आकडेच पटलेले नाहीत. ते उलटे आहेत. पाटल्या खोलीत नऊ आणि फुडल्या खोलीत तीन, हे लाईनमुळे होणं शक्य नाही. घरातलंच काहीतरी असणार. इन्व्हर्टर, मोटर, एखादी जुनी वायरिंग. मेन स्विच बंद करून पुन्हा माप.

शक्य का नाही, ते मी लिहीत नाही. तुला स्वतःला सुचायला हवं. यंत्र हातात घेण्याआधी जागेचा विचार करायचा असतो.

माझ्या भावाला, डॉमिंगोला, विचारलं म्हणून सांग. माझ्या गुडघ्यांची चौकशी त्याने दोन पत्रांत केलेली नाही.

तुझी आते,
सेलेस्तीन


खारवटवाडी
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय आते,

मला सुचलं नाही. आठवडाभर डोकं फोडलं. आधीच एककाची चूक झालेली, त्यामुळे आता स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास राहिलेला नाही. उलटे म्हणजे काय? मी यंत्र उलटं धरलं असं तर तुला म्हणायचं नाही ना? तसंही धरून बघितलं. फरक पडत नाही.

मेन स्विच बंद केला. इन्व्हर्टरची वायरही काढली. घरातला एकूण एक पंखा थांबला. पप्पा त्यांच्या खोलीतून ओरडले, "लायट गेली काय बिल भरूक नाय?" मी म्हटलं, मोजते आहे. ते म्हणाले, "मोज बाये, मोज. मी घामान भिजतंय ता पण मोज." पाटल्या खोलीत तरीही नऊच. म्हणजे घरातलं काही नाही. मग तू म्हणतेस ते कसं?

तुझं पत्र क्लाइव्हने माझ्या हातून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. भिंतीचं आणि आठवीचं वाक्य गाळलं. "शक्य नाही" हे दोनदा वाचलं. संध्याकाळी शेजारच्या निलेशलाही सांगून आला. "आमच्या आतेन लिवल्यान, लायनीचो काय संबंध नाय. मास्तरीण आसा ती." मेन बंद करूनही आकडा तोच आला हे मी सांगितलं, तर म्हणाला कॉलेजचं यंत्र आहे, कॉलेजसारखंच चालणार.

मग मी विचारलं, वहिनीला सांगूया का? तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं.

"तिका ह्यातला एक अक्षर सांगायचा नाय."

"का?"

"तिची आवस आधीच कानाक लागलीहा. थंयच रवा, गोवा जवळ पडता, जावयाक जावक-येवक बरा. ओलिंडाक निमित्त होया फक्त. आणि ती थंय रवली तर मी हय येवन काय करू? मगे पप्पाक तू एकटी बघ."

तो चिडून बोलला, पण वहिनीच्या आईबद्दल काय किंवा पप्पांबद्दल काय, खोटं बोलला नाही. पडल्यापासून पप्पा वॉकर धरून चार पावलं जातात. लघवीची पिशवी बदलायला क्लाइव्ह नसेल त्या दिवशी मला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते, कारण पप्पा मला ते करू देत नाहीत. दिवसभर रस्त्याच्या खिडकीशी बसून राहतात. नातीचं तोंड त्यांनी अजून मोबाइलवरच बघितलं आहे.

तुझ्या शब्दामुळे सगळं घर निश्चिंत झालं आहे. मी एकटीच नाही. कारण लिही, आते. गुण देऊ नकोस, पण कारण लिही.

ग्लिनिस


खारवटवाडी
१ मार्च २०२६

प्रिय आते,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. मला कळलं.

सकाळी मासे घेऊन राधाबाई आली. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून पप्पांनी हाक दिली, "ग्लिनिस! पाटल्यादारी राधाबाय इली गो! बांगडे बरे दिसतत, भायर ये."

राधाबाई रस्त्याच्या दारात उभी होती. आमच्या फुडल्या दारात.

मी बांगडे घ्यायला गेलेच नाही. स्वयंपाकघराच्या दारातूनच तिच्याकडे बघत राहिले. राधाबाई म्हणाली, "चेडवाक काय झाला? भूत बगितल्यासारख्या करता."

आते, तू शेवटची आलीस ती आजोबांच्या मयताला. तेव्हा पूर्वेकडे नुसती करवंदीची जाळी होती. लोक मळ्याच्या बांधावरून यायचे आणि पश्चिमेच्या दारातून घरात शिरायचे. ते तुझं फुडलं दार. मग पूर्वेकडून डांबरी रस्ता आला, क्लाइव्हने त्या बाजूला पायऱ्या आणि पडवी बांधली, आणि कोणीही न ठरवता घर फिरलं. आता रस्त्याची बाजू ती फुडली. मळ्याची ती पाटली. वहिनीने तर मळ्याचं दार कधी उघडलेलंच नाही.

तू पाटली खोली म्हणालीस ती पूर्वेची. मळ्यापासून, लाईनपासून सगळ्यात लांबची. आम्ही पाळणा टांगला तो पश्चिमेच्या खोलीत. तिच्या खिडकीतून तारा दिसतात. तुला आकडे उलटे वाटले ते त्यामुळे. ते सरळ होते. लाईनच्या बाजूला नऊ, दुसऱ्या टोकाला तीन.

ही माझी दुसरी दुरुस्ती.

पूर्वेच्या खोलीत पप्पा राहतात.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. विचारलं, "पप्पा, नोव्हेंबरमध्ये आतेचं पत्र मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. पाटली खोली म्हणजे कुठली, ते तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. कोणीतरी स्कूटरवरून हात केला, त्यांनीही केला. मग म्हणाले, "कळला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलास?"

मग तेच पुढे म्हणाले. "हयसून रस्तो दिसता. चार माणसां हात करतत. थंय मळ्यात काय बघू? तारो?"

मी म्हटलं पडवीत खुर्ची टाकते. ते एकदम तापले. "पडवीत? ही पिशवी लोंबकळत? खिडकीतसून माका छातीपासून वर बघतत सगळे. शर्ट इस्त्रीचो आसता. थंयसर म्हायत आसा कोणाक, की डॉमिंगोक आता मुताक पण येवचा नाय?" पंचवीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस असं बोलला आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनीच विचारलं, "खरा सांग. पोराक बाधता काय ता?"

मी खरं सांगितलं. माहीत नाही. बहुतेक काहीच होणार नाही. पण कोणी छातीवर हात ठेवून नाही म्हणत नाही.

"म्हंजे तुका म्हायत नाय, आणि माका खोलीतसून काढतंस."

मी काढलेलं नाही, आते. मी फक्त तिथे बसले होते. आता सांग, जी गोष्ट कदाचित आहे तिच्यासाठी, जी नक्की आहे ती हिरावून घ्यायची का?

ग्लिनिस


हय, घराकडे
५ मार्च

सेलेस्तीन,

चेडू न्हाऊक गेला हा तवसर लिवतंय. पोस्टात टाकूक निलेशाकडे देतंय, ग्लिनिसाक म्हायत नाय.

तुझे गुडघे कसे आसत?

तू माका शिव्या घालूच्या आधी ऐक. मी नातीचो दुस्मान नाय. ग्लिनिसान तुझा पत्र वाचल्यान त्या दिवशी माका वाटला, एक-दोन दिसांनी सांगतलंय. मगे रंगवाले इले. मगे कडी बसली. जितक्या काम फुडे गेला तितक्या बोलूक लाज वाटाक लागली. मगे तूच लिवलंस, लायनीचो संबंध नाय. माका वाटला बरा झाला, देवान सोडवल्यान.

ग्लिनिस दिसभर ता यंत्र घेवन फिरता. भिंतीक लावता, पाळण्यात ठेवता. पाळण्यात यंत्र बघून माका कसातरीच झाला.

मी खोली सोडीन. तू सांगलंस तर सोडीन. पण तूच सांग, तेंका सांगूक देव नको. तू लहानपणापासून माका हुकूम करीत इलंस, तुझो चलता. पोरांचो चलणा नाय.

आणि ओलिंडाक काय सांगू नको म्हणान ग्लिनिसाक लिव. ती भली बाय आसा, पण तिची आवस वायट. पोर माका एकदा तरी मांडयेवर घेवचा आसा.

तुझो भाव,
डॉमिंगो


कोल्हापूर
२० मार्च २०२६

चि. ग्लिनिस,

तुझी दोन पत्रं आणि डॉमिंगोचं एक, तिन्ही समोर ठेवून लिहिते आहे. त्याने लिहिलं आहे हे तुला सांगू नको असं त्याने म्हटलेलं नाही, म्हणून सांगते.

"शक्य नाही" हे मी लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर करवंदीची जाळी होती. रस्ता झाल्याचं तू कळवलं होतंस. मी तो मनातल्या मनात मळ्याच्या बाजूने बांधून टाकला, कारण घराचं तोंड तिकडे. आणि कारण लिहायच्या जागी तुला कोडं घातलं. एक ओळ लिहिली असती, "पाटली खोली लाईनपासून लांब आहे", तर तू त्याच दिवशी पकडलं असतंस. जन्मभर मुलांना असंच शिकवलं, आता वाटतं किती जणांना नुसतंच अडकवलं असेल. असो.

आता काय करायचं ते सांगते. डॉमिंगोला मी वेगळं लिहिलं आहे. तो पश्चिमेच्या खोलीत जाईल. पाळणा पूर्वेच्या खोलीत आणा. लांब ठेवायला खर्च नाही, आणि कारण सिद्ध व्हायची वाट बघायची गरज नाही. म्हाताऱ्याची गैरसोय होईल. ती मी माझ्या माथ्यावर घेते.

ओलिंडाला एवढंच सांगा की पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर ऊन तापतं. एप्रिलमध्ये ते खोटंही नाही. लाईन, आकडे, अभ्यास, यातलं काही तिच्या कानावर घालू नकोस. बाळंतीण बाई आहे. तुझ्यासारख्या मुलीला दोन महिने झोप नाही, तिला किती दिवस येणार नाही? आणि उपयोग काय? खोली बदलली की प्रश्न संपला.

तुझा प्रश्न मी टाळत नाही. कदाचित असलेल्यासाठी नक्की असलेलं घ्यावं का? कधीकधी घ्यावं लागतं. ते तू नको घेऊस, मी घेते.

तुझी आते,
सेलेस्तीन


खारवटवाडी
६ एप्रिल २०२६

प्रिय आते,

काल ईस्टर झाला. क्लाइव्ह दोडामार्गलाच होता, मी आणि पप्पा घरी. मिस्सा मोबाइलवर बघितली.

तुझी पत्रं आली त्या दिवशी पप्पांनी त्यांच्या नावाचं स्वतः वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "झाला. हुकूम इलो." दुसऱ्या दिवशी सकाळी निलेशने त्यांची खाट उचलून पश्चिमेला नेली. मी दोनदा विचारलं, नक्की का? म्हणाले, "आता तूच घाबरतंस? मोज मगे." ते त्या खिडकीशी बसले. शर्ट इस्त्रीचाच घातला होता. मळ्यात त्या वेळी कोणी नसतं. संध्याकाळी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "एक कुत्रो गेलो. त्याका हात केलंय."

आता तू सांगितलंस तसं सगळं झालं. तरी मी तुझं ऐकू शकत नाही, ते का ते लिहिते. कारण न लिहिता काही करायचं नाही, एवढं आपण दोघी शिकलो आहोत.

पहिलं कारण आकड्याचं. एप्रिलची उष्णता वाढली तशी मी पुन्हा मोजायला लागले. सगळीकडे पंखे, एसी चालतात आणि लाईनवर भार वाढतो. पूर्वेच्या खोलीत, पाळण्याच्या जागी, परवा संध्याकाळी साडेचार मिलिगॉस आलं. काल चार. सकाळी पुन्हा तीन. म्हणजे जिच्यासाठी पप्पांना हलवलं ती खोलीही त्या दुसऱ्या मापाच्या, तीन-चार मिलिगॉसच्या, रेषेवरच आहे, कधी आत, कधी बाहेर. मला वाटलं होतं की एक खोली अशी सापडेल जिच्यात पाळणा ठेवून मला झोप लागेल. ती या घरात नाही. पश्चिमेपेक्षा पूर्व बरी, एवढंच खरं. प्रश्न संपला असं तू लिहिलंस, तो संपलेला नाही. लहान झाला आहे.

दुसरं कारण मला लिहायला जड जातं. तुझी पत्रं यायच्या दोन दिवस आधी वहिनीचा निरोप आला होता, "गो ग्लिनिस, पाळण्याचो फोटो धाड मगे, माझी आवस बघूक मागता." मी फोटो काढला. पाळणा तेव्हा पश्चिमेच्याच खोलीत होता. पहिल्या फोटोत खिडकी आली, आणि खिडकीत टॉवर. मी जागा बदलली. दुसऱ्यातही एक तार आली. मग मी खाली बसून, पाळणा आणि नवी भिंत एवढंच येईल असा तिसरा काढला आणि तो पाठवला. तिने उलट लिहिलं, "कितक्या सुंदर रंगवलास!" मला कोणी तसा फोटो काढायला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मला दिसलं की फेब्रुवारीपासून एव्हलिन कुठे झोपेल यावर आपण सगळे बोललो. तू कोल्हापुरातून, क्लाइव्ह गोव्यातून, पप्पा खिडकीतून, मी यंत्र हातात घेऊन. निलेशला माहीत, संचिताला माहीत. राधाबाईसुद्धा परवा विचारत होती, "मगे खंयच्या खोलीत ठरला?" एकट्या वहिनीला कोणी विचारलं नाही. ती आई आहे. बाळंतीण आहे म्हणून तिला झोप लागणार नाही असं तू म्हणतेस. नाही लागणार. पण ती झोप तिची आहे. उन्हाचं कारण सांगून ती आम्ही तिला द्यायची, आणि वर्षाने दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला सगळं कळायचं, हे मला करवणार नाही.

ती ऐकेल आणि कदाचित म्हणेल, बरं, पूर्वेच्या खोलीत राहू. कदाचित म्हणेल, मी येत नाही. तिची आई त्या वाक्याची वाटच बघते आहे. मग क्लाइव्हही तिकडे राहील आणि इथे मी आणि पप्पा. हे सगळं मी मनात इतक्या वेळा बघितलं आहे की मला ते घडून गेल्यासारखंच वाटतं. काल भात करपवला.

वहिनीला जाऊन सांगणार, हे क्लाइव्हला मी सांगितलेलं नाही. पप्पांना सांगितलं, आज दुपारी. ते तारांकडे बघत होते.

"ती येवची नाय," ते म्हणाले.

"कदाचित नाही येणार."

"मगे कित्याक जातंस?"

मी म्हटलं, तुम्ही नोव्हेंबरात बोलला असता तर काय झालं असतं, तसंच हे आहे. जितके दिवस जातील तितकं बोलणं कठीण होईल. ते वाईट होतं, पप्पांना मी असं बोलायला नको होतं. त्यांनी तोंड फिरवलं. नंतर मी पेला उचलायला गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "जा. पण तिका सांग, म्हाताऱ्यान खोली आपणहून सोडल्यान. काढल्यानी म्हणान सांगू नको."

तेवढं मी सांगेन. तेही जवळजवळ खरंच आहे.

वहिनीला काय सांगायचं ते मी ठरवलं आहे. दोन्ही मापं सांगायची, एक लपवून दुसरं नाही. माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणायचं. यंत्र बरोबर नेणार आहे. त्यांच्या घरातही मोजून दाखवेन, म्हणजे शून्य कुठेच नसतं हे तिला दिसेल. पुढे ती ठरवेल. तिने नाही म्हटलं तर क्लाइव्हचा राग, तिच्या आईचं समाधान आणि पप्पांची ती खिडकी, हे सगळं घेऊन मला परतीच्या गाडीत बसावं लागेल.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. हे पत्र मी आज टाकते आहे, कारण ते तुला गुरुवारच्या किंवा शुक्रवारच्या आधी मिळणार नाही. हे मी हिशेबाने केलं आहे. तुझं उत्तर काय येईल ते मला माहीत आहे, आणि ते आधी आलं असतं तर मी गेले नसते.

बुधवारी, आठ एप्रिलला, सकाळच्या पहिल्या एसटीने मी दोडामार्गला जाते.

ग्लिनिस